भाडे की व्याज? कोल्हापुरातील भाड्याच्या घरांमागील भांडवलाविषयी काही विचार

कोल्हापूर शहराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी राजवाडे, देवालये, तलाव, वसतिगृहे आणि धरणे कोणी बांधली व त्यांचा खर्च कोठून झाला याची चौकशी मोठ्या आस्थेने केली आहे. परंतु याच शहरात गेल्या सव्वाशे वर्षांत ज्या असंख्य खोल्या, माड्या, गाळे आणि वखारी केवळ दुसऱ्याने वापराव्यात व आपणांस भाडे मिळावे या हेतूने उभ्या राहिल्या, त्या कोणाच्या पैशाने उभ्या राहिल्या हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. घरमालक या व्यक्तीकडे आपण कथाकादंबऱ्यांतून पाहतो, नाटकातून त्याची टवाळी करतो. आर्थिक इतिहासात मात्र तो जवळजवळ अदृश्य आहे. त्याने पहिली खोली भाड्याने दिली तेव्हा ती बांधण्यास पैसा कोणाचा होता, तो कोणत्या अटींवर मिळाला, आणि भाड्यातून तो फिटला काय, हे समजल्यावाचून या शहराच्या वाढीचे चित्र अपुरेच राहील.

या विषयाकडे वळण्यापूर्वी मराठी भाषेतील एका शब्दाकडे लक्ष वेधणे इष्ट वाटते. तो शब्द म्हणजे ‘कूळ’. जमीन कसून मालकाला खंड देणारा तो कूळ. आणि सावकाराकडून रक्कम घेऊन व्याज भरणारा, तोही सावकाराचे कूळच. देणे खंडाचे असो वा व्याजाचे, देणाराचे नाव एक. हा केवळ शब्दांचा योगायोग आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. कोल्हापुरातील भाड्याच्या मिळकतीचे कागद वाचताना पदोपदी असा अनुभव येतो की, ज्याला भाडे म्हटले आहे ते पुष्कळदा व्याज असते, ज्याला मालक म्हटले आहे तो धनको असतो, आणि पुढील काळात तर ज्याला भाडेकरू म्हटले आहे तोच खरा भांडवल पुरविणारा निघतो. हे लक्षात न घेता जुन्या भाडेचिठ्ठ्यांवरून शहरातील भाड्याचे दर काढू लागणारा संशोधक फसल्यावाचून राहणार नाही.

आरंभ जुन्या घरापासूनच केला पाहिजे. या भागात घर मोजावयाचे ते खणांत. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण; तीन खणी, पाच खणी, सात खणी असे घराचे माप सांगितले जाई. घर खणांनी रचलेले असल्यामुळे ते भावाभावांत खणांनी वाटता येई, आणि खणांनी भाड्यानेही देता येई. दोन खांबांमध्ये एक कुडाची किंवा कच्च्या विटांची भिंत घातली, चुलीची जागा सारवून घेतली, न्हाणी व आड सामाईक ठरले, की एक बिऱ्हाड उभे राहिले. यास कर्ज लागत नसे. मोठ्या घरातील माणसे प्लेगने, नोकरीच्या निमित्ताने किंवा भाऊबंदकीने कमी झाली, की रिकामा सोपा आपोआप भांडवल होई. हिंदू कुटुंबातील विधवेला राहण्याचा व अन्नवस्त्राचा हक्क होता. तिच्या वाट्याला आलेल्या दोन खणांपैकी एकात ती राही व दुसऱ्याच्या भाड्यावर तिचा वर्षाचा दाणागोटा चाले. अंबाबाईच्या देवळाभोवती आणि महाद्वार रस्त्यावर ज्यांची घरे होती त्यांचे भाग्य आणखी मोठे. त्यांचा दर्शनी सोपा हाच दुकान होता. भाड्याच्या धंद्याचा हा पहिला प्रकार इतका घरगुती आहे की त्याला धंदा म्हणताना संकोच वाटतो. तरीही पुढील सर्व प्रकारांत हा एक गुण टिकून राहिलेला दिसतो: कोल्हापूरचा घरमालक बहुधा भाडेकरूच्याच छपराखाली, माडीवर किंवा मागल्या चौकात, राहत आला आहे.

केवळ भाड्यासाठी म्हणून बांधकाम करण्यास निमित्त लागते, आणि ते कोल्हापुरास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाले. १८८० मध्ये राजाराम महाविद्यालय निघाले होते. १८९१ मध्ये मिरजेहून लोहमार्ग कोल्हापुरास पोचला. आणि १८९४ मध्ये राज्याधिकार हाती घेतल्यावर लगेच पुढच्याच वर्षी शाहू छत्रपतींनी शाहूपुरी ही नवी व्यापारी पेठ वसविली. पेठ वसविण्याची कल्पना मराठी राज्यात नवी नव्हती. नवी पेठ बसवावयाची म्हणजे शेटे-महाजनांस कौल द्यावयाचा, काही वर्षे कर माफ करावयाचा, जागा नेमून द्यावयाची, आणि उदमी लोकांनी येऊन आपल्या खर्चाने दुकाने बांधावीत अशी अपेक्षा धरावयाची, ही पद्धत पुण्याच्या पेठांच्या इतिहासात सर्वांस परिचित आहे. तिचे मर्म असे की, सरकार जागा देते व थोडा काळ कर सोडते, बांधकामाचे भांडवल व्यापारी घालतो. जमिनीसाठी पैसा अडकवावा न लागल्याने व्यापाऱ्याची सर्व रक्कम इमारतीत जाते. शाहूपुरीकडे या कौलाच्या परंपरेतील एक उशिराची पेठ म्हणून पाहावे असे मला वाटते. फरक इतकाच की तिच्या जवळ आता रेल्वे होती, आणि तिच्या गल्ल्यांना देवादिकांची किंवा वारांची नावे न मिळता पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक मिळाले.

शाहूपुरी गुळाची पेठ, आणि गुळाच्या व्यापाराचा एक विशेष भाड्याच्या मिळकतीशी निगडित आहे. गुळाचे सौदे दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताने निघतात आणि हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरतो. हंगामात अडत्याचा पैसा उचलीच्या रूपाने शेतकऱ्याकडे व मालाच्या रूपाने वखारीत गुंतलेला असतो. हंगाम संपला की तो मोकळा होतो. मोकळा पैसा वर्षाचे काही महिने निपचित पडून राहू नये, म्हणून त्यातील काही अंश विटा-लाकडांत घालणे हे व्यापाऱ्याच्या दृष्टीने शहाणपणाचे होते. वखार त्याला स्वतःच्या मालासाठी लागेच. ती थोडी मोठी बांधली की उरलेली जागा दुसऱ्यास देता येई, आणि वरचा मजला बिऱ्हाडकरूंस. येथेही बाहेरच्या कर्जाची गरज मर्यादितच होती. व्यापारातील शिल्लक, घरातील सोने आणि मित्रमंडळींची भिशी या तीन गोष्टींवर एक मजला चढत असे. दुसरा मजला पहिल्याच्या भाड्यातून पुढेमागे चढे, आणि तोवर भिंतीच्या माथ्यावर विटांचे दात तसेच बाहेर राहत.

परंतु ज्याच्यापाशी जागा आहे पण रक्कम नाही, आणि ज्याच्यापाशी रक्कम आहे पण जागा नाही, या दोघांची गाठ कशी पडे? ती पडे गहाणात. या विषयाचे खरे रहस्य येथे असल्यामुळे थोडा विस्तार करणे भाग आहे.

स्मृतिकारांनी आधीचे, म्हणजे गहाणाचे, दोन प्रकार सांगितले आहेत: गोप्य आणि भोग्य. गोप्य आधी धनकोने नुसता सांभाळावयाचा. भोग्य आधीचा त्याने उपभोग घ्यावयाचा आणि तो उपभोग हेच त्याचे व्याज. मराठी दस्तऐवजांत हाच भेद नजरगहाण व ताबेगहाण या नावांनी आढळतो. नजरगहाणात मिळकत ऋणकोच्याच ताब्यात राहते, धनकोची तिच्यावर केवळ नजर. ताबेगहाणात मिळकतीचा कब्जा धनकोकडे जातो आणि तिचे उत्पन्न तो व्याजापोटी घेतो. तिसरा प्रकार मुदतखरेदीचा: कागद विक्रीचा, परंतु अमुक वर्षांत रक्कम परत दिल्यास मिळकत परत करावयाची असा करार. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने हे प्रकार इंग्रजी चौकटीत बसविले. मुंबई इलाख्यात तो कायदा १८९३ पासून अमलात आला. कोल्हापूर हे संस्थान असल्यामुळे ब्रिटिश मुलखातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत, तथापि गहाणाची ही परिभाषा संस्थानात व शेजारच्या जिल्ह्यांत एकच होती.

आता शेतजमिनीचे ताबेगहाण समजण्यास सोपे आहे. धनको शेत कसतो व पीक घेतो. घराचे ताबेगहाण मात्र अडचणीचे. धनकोला त्या घरात राहावयाचे नसते आणि ऋणकोला दुसरे घर नसते. यावर जी तोड निघाली ती मोठी चतुराईची होती. ज्या दिवशी ताबेगहाण लिहिले जाई, त्याच दिवशी, त्याच लेखकाच्या हातचा, त्याच साक्षीदारांच्या सह्यांचा दुसरा एक कागद होई: भाडेचिठ्ठी. तिच्यात घराचा मूळ मालक असे लिहून देई की, सदरहू घर मी आपणांकडून दरमहा अमुक भाड्याने राहावयास घेतले आहे. कोणी घर सोडले नाही, कोणी घरात आले नाही. चुलीवरील तवासुद्धा हलला नाही. परंतु कागदावर मालक भाडेकरू झाला, आणि सावकार घरमालक झाला.

भाड्याची रक्कम कशी ठरे ते पाहणे उद्बोधक आहे. समजा, कर्ज १,००० रुपयांचे आहे आणि व्याज दरमहा दरशेकडा बारा आणे, म्हणजे सालीना ९ टक्के, ठरले आहे. तर महिन्याचे व्याज ७ रुपये ८ आणे. भाडेचिठ्ठीत भाडे नेमके तेवढेच लिहिले जावयाचे. ते घर बाजारात दिले असते तर त्यास ५ रुपये आले असते की १२, याचा या आकड्याशी काहीही संबंध नाही. म्हणून अशा भाडेचिठ्ठ्या एकत्र करून त्या काळी या पेठेत भाडे इतके होते असा निष्कर्ष काढणे म्हणजे व्याजाचा दर मोजून त्याला घराची किंमत म्हणणे होय. भाड्याच्या रकमेत विषम आणे-पैसे दिसले, की संशोधकाने प्रथम गहाणखत शोधावे.

सावकाराने हा द्राविडी प्राणायाम का करावा? याची कारणे एकाहून अधिक आहेत. एक म्हणजे दामदुपट. हिंदू धर्मशास्त्रातील आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी मान्य केलेला हा नियम असा की, एका वेळी वसूल करावयाच्या व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये. हजार रुपयांच्या कर्जावर कितीही वर्षे लोटली तरी थकलेले व्याज हजाराच्या पुढे मागता येत नसे. पण ‘भाडे’ म्हटले की वरकरणी तरी दामदुपटीचा प्रश्न सुटला. दुसरे कारण घराबाहेर काढण्याचे. व्याज थकविणाऱ्या ऋणकोचे घर घ्यावयाचे तर गहाणाचा दावा, हिशेब, हुकूमनामा, लिलाव असा लांबचा प्रवास. भाडे थकविणाऱ्या भाडेकरूस काढावयाचे तर ताब्याचा साधा दावा. तिसरे कारण कागदावर न येणारे. आपल्याच घरात आपण भाडेकरू आहोत असे लिहून देणाऱ्या माणसाचे मन त्या दिवसापासून नरम पडते.

न्यायखात्याला या युक्त्या ठाऊक नव्हत्या असे नाही. १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये जो दक्षिणी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला व आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला, त्याने न्यायाधीशास कागदाच्या पलीकडे जाऊन व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. इतिहासाच्या विद्यार्थ्यास या कायद्याविषयी एक आपलेपणा वाटावयास हरकत नाही. कारण कागदात लिहिले आहे तेच खरे मानू नका असे न्यायाधीशाला सांगणारा कायदा विरळाच. मुदतखरेदीच्या बाबतीत १९२९ च्या दुरुस्तीने असे ठरविले की, परत देण्याची अट त्याच दस्तऐवजात असेल तरच तो व्यवहार गहाण समजला जाईल. परिणाम असा की, ज्याने खरेदीखताबरोबर वेगळ्या चिठोऱ्यावर आश्वासन घेतले त्याचे घर गेले. शहरातील पुष्कळ ‘भाड्याच्या मिळकतीं’चा जन्म अशा रीतीने झाला असणे संभवनीय आहे. नव्या मालकाने एक वीटही रचलेली नसे; घर तेच, माणसे तीच, फक्त भाडे आता खरोखरीचे भाडे झालेले.

सहकारी पतपेढ्यांनी ही स्थिती बदलली काय? १९१२ मध्ये कोल्हापूर संस्थानात सहकाराचा कायदा झाला आणि १९१३ मध्ये कोल्हापूर अर्बन ही संस्था निघाली. सावकाराच्या जोडीला दुसरा दरवाजा उघडला ही गोष्ट मोठी होती. पण नागरी पतसंस्थेचे स्वरूप पाहता तिच्याकडून घरबांधणीची फारशी अपेक्षा करता येत नव्हती. तिच्या ठेवी थोड्या मुदतीच्या. कर्जे दोन जामिनांवर, अल्प रकमेची, वर्षा-दोन वर्षांत फेडावयाची. भाड्याच्या खोलीत घातलेला पैसा मात्र दहा-पंधरा वर्षांनी मोकळा होतो. अल्प मुदतीच्या पैशाने दीर्घ मुदतीची वस्तू उभी करणाऱ्यावर कोणती पाळी येते, हे पुढे अनेकांनी अनुभवले. अशा कर्जातून दुकानात माल भरला जाई, लेकीचे लग्न निघे, फार तर जुन्या घराची कौले बदलून एक खोली वाढे. खोली वाढे हे महत्त्वाचे. पण तिने पेठ उभी राहत नाही.

मोठ्या प्रमाणावर भाड्याच्या खोल्या केवळ कर्जावर उभारण्याचा प्रयोग पाहावयाचा तर तो मुंबईतच पाहावा लागतो. पहिल्या महायुद्धात तेथे भाडी इतकी चढली की १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला, आणि १९२० मध्ये सरकारने विकास खाते काढून कामगारांसाठी चाळी बांधावयास घेतल्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्या. प्रत्येकीत सुमारे ८० खोल्या. भांडवल कर्जरोख्यांचे, आणि तोट्याची भरपाई व्हावी म्हणून शहरात येणाऱ्या कापसाच्या गासडीवर एक रुपया कर. म्हणजे सरकारसारख्या धनकोलासुद्धा कामगाराला परवडणाऱ्या भाड्यातून बांधकामाचे व्याज निघत नाही हे आरंभीच गृहीत धरावे लागले होते. मग कोल्हापूरसारख्या गावी एकट्यादुकट्याने ते कर्जावर का करावे? राजारामपुरीची आखणी झाली, रुंद रस्ते व क्रमांकांच्या गल्ल्या पडल्या, तेव्हा तेथे बहुतांशी ज्याच्या त्याच्या राहण्याचीच घरे उठली, हे या दृष्टीने स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्यासरशी मुंबई राज्याचे कायदे येथील उंबऱ्यापर्यंत आले. त्यांतील दोन आपल्या विषयाशी संबद्ध आहेत. दोन्ही आदल्याच वर्षीचे. एक १९४८ चा कूळकायदा व दुसरा १९४७ साली संमत होऊन १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आलेला भाडेनियंत्रण कायदा. कूळकायद्याने पुढे १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्यास जमिनीचा मालक मानले. घराच्या भाडेकरूस मालकी मिळाली नाही. त्याला मिळाले ते संरक्षण: १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाणभाडे, आणि ते भरीत राहील अथवा भरण्यास तयार राहील तोवर केवळ मालकाच्या लहरीने त्याला काढता येणार नाही. कायदा राहत्या घरांपुरता नव्हता. दुकाने, धंद्याच्या जागा आणि साठवणीच्या वखारी यांनाही तो लागू होता. म्हणून त्याचा परिणाम शिवाजी पेठेतील बिऱ्हाडकरूइतकाच शाहूपुरीतील अडत्यावरही झाला.

या कायद्याने गरीब माणसाला रस्त्यावर येण्यापासून वाचविले यात शंका नाही. त्याची निंदा करणाऱ्यांनी युद्धोत्तर काळातील शहरे आठवावीत. परंतु भांडवलाच्या दृष्टीने त्याने एक विलक्षण उलथापालथ केली. भाडे गोठले आणि किंमती वाढत गेल्या, तेव्हा घराच्या मोलाचा मोठा भाग मालकाकडून भाडेकरूकडे सरकला. आणि जो भाग सरकला त्याची खरेदीविक्री सुरू झाली. तिचे नाव पागडी. नव्या भाडेकरूने खोली मिळविण्यासाठी एकरकमी पैसा द्यावयाचा, आणि मग नाममात्र भाड्याने कायम राहावयाचे. कायद्याच्या १८ व्या कलमाने अशी रक्कम घेणे हा मालकाचा गुन्हा ठरविला होता. त्यामुळे पागडी थांबली नाही, ती कागदावरून मात्र नाहीशी झाली. १९४८ पूर्वीची भाडेचिठ्ठी आपणांस फसविते, पण निदान एक आकडा तरी सांगते, आणि त्या आकड्यावरून गहाणापर्यंत जाता येते. १९४८ नंतरच्या पावतीवर दहा रुपये लिहिलेले असतात आणि त्यामागील हजारांविषयी ती एक अक्षर बोलत नाही.

असे असूनही बांधकाम का चालू राहिले? कारण भांडवल पुरविणारा आता भाडेकरूच होता. जागेचा मालक पाया घाली. गाळ्यांसाठी येणाऱ्या दुकानदारांकडून आगाऊ रकमा घेई. त्यातून स्लॅब पडे. धनकोही तोच, भाडेकरूही तोच. या व्यवहाराचे उघड रूप म्हणजे भाडेकरूनेच घराचे ताबेगहाण करून घेणे. मालकाला रक्कम हवी, भाडेकरूला स्थैर्य हवे; तेव्हा भाडेकरू रक्कम देतो, भाडे बंद होते, व्याजही बंद होते. शेजारच्या कर्नाटकात घर ‘भोग्या’ने देण्याची जी पद्धत आजही चालू आहे ती हीच, स्मृतींतील भोग्य आधी शब्दासकट तेथे जिवंत आहे. रोमन कायद्यात ती अँटिक्रेसिस या नावाने होती, बोलिव्हियात त्याच नावाच्या अपभ्रंशाने आहे. दक्षिण कोरियात तर जोन्से नावाने तिने संपूर्ण देशाचा भाड्याचा बाजार व्यापला: भाडेकरू घराच्या किंमतीच्या निम्म्याहूनही अधिक रक्कम एकदम देतो, मासिक भाडे देत नाही, आणि मुदतीनंतर रक्कम परत घेतो. मालक त्या रकमेवर दुसरे घर घेतो, त्याच्या भाडेकरूच्या रकमेवर तिसरे. घरांच्या किंमती चढत असेपर्यंत हे चालते. २०२२-२३ च्या सुमारास त्या उतरल्या तेव्हा हजारो भाडेकरूंना आपल्या ठेवी परत मिळेनात.

आपल्याकडे यातून निर्माण झालेला प्रश्न वेगळा होता. गहाण फिटल्यावर जुना भाडेकरू पुन्हा भाडेकरू होतो, की त्याने जागा खाली करावयाची? त्याने धनको म्हणून ताबा घेतला तेव्हा त्याचा भाडेहक्क संपला, की तो तात्पुरता झाकला गेला? १९७६ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने गहाणखताच्या शब्दांवरून भाडेकरूने आपला भाडेहक्क सोडून दिला होता असे मानले. नंतरच्या निकालांत मात्र भाडेहक्क गहाणात आपोआप विलीन होत नाही, दस्तऐवज काय म्हणतो ते पाहिले पाहिजे, अशी भूमिका दिसते. एका वाक्यावर एका कुटुंबाचे तीस वर्षांचे दुकान राहते किंवा जाते. गहाणखत लिहिणाऱ्या कारकुनाने ‘भाडेकरू या नात्याने आपला कब्जा असलेले’ असे लिहिले की नुसते ‘आपले ताब्यात दिले आहे’ असे लिहिले, याला एवढे महत्त्व येईल हे त्याच्या ध्यानीमनीही नसेल.

पुढचा इतिहास अलीकडचा आहे आणि तो थोडक्यात आटोपता येईल. भाडेहक्क चिकटू नये म्हणून मालकांनी लीव्ह अँड लायसन्सचा आश्रय घेतला. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांसही भाडेकरू करून टाकले, आणि त्यानंतर अनेकांनी रिकामी खोली कुलूप लावून ठेवणे पसंत केले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठामुळे राजारामपुरीच्या बाजूस विद्यार्थ्यांची मागणी वाढली, तेव्हा खोलीऐवजी खाट भाड्याने देण्याची, म्हणजे ‘कॉट बेसिस’ची, युक्ती सोयीची ठरली, खाटेवर भाडेहक्क सांगणे कठीण. १९९७ अखेर सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेले प्रमाणभाडे आता न्याय्य राहिले नाही असा अभिप्राय दिला. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला. त्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढ दिली, लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक केले, आणि अर्ध्या शतकापूर्वी गुन्हा ठरलेली पागडी कायदेशीर केली. दरम्यान १९७७ मध्ये एच.डी.एफ.सी. आणि १९८८ मध्ये नॅशनल हाउसिंग बँक स्थापन होऊन दीर्घ मुदतीचे गृहकर्ज मध्यमवर्गाच्या आटोक्यात आले. आज सदनिका घेऊन भाड्याने देऊ इच्छिणारा नोकरदार कर्जाचा मासिक हप्ता आणि येणारे भाडे शेजारी शेजारी मांडून पाहतो. भाडे हप्त्याहून बरेच कमी पडते असे त्याला आढळते, आणि तरी पुढे किंमत वाढेल या भरवशावर तो फरक खिशातून घालतो. ७ रुपये ८ आण्यांची भाडेचिठ्ठी लिहून घेणाऱ्या सावकाराने असा सौदा केला नसता.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी साधनांविषयी दोन शब्द. कोल्हापूर पुरालेखागारातील संस्थानी दप्तर, दुय्यम निबंधकांकडील नोंदणीची पुस्तके व सूची, नगर भूमापनाच्या मिळकत पत्रिका आणि नगरपालिकेची घरपट्टीची रजिस्टरे ही चार साधने एकमेकांशी ताडून पाहिली पाहिजेत; एकट्या साधनावर विसंबू नये. भाडेचिठ्ठी हाती आली की तिची तारीख पाहावी, आणि त्याच तारखेच्या, मागच्या-पुढच्या क्रमांकाच्या नोंदीत त्याच दोन नावांचा दुसरा कागद आहे काय ते पाहावे. लेखक व साक्षीदार तेच आहेत काय ते पाहावे. भाड्याची बारा महिन्यांची बेरीज गहाणाच्या रकमेशी ताडून ती दरशेकडा कोणत्या प्रचलित दराशी जुळते का ते काढावे. आणि शेवटी घरपट्टी कोण भरीत होता ते घरपट्टीच्या रजिस्टरात शोधावे. कारण कागदोपत्री भाडेकरू झालेला मूळ मालक घराची पट्टी मात्र पुष्कळदा स्वतःच्याच नावाने भरीत राही, आणि तो कोणते घर आपले समजत होता हे त्या नोंदीवरून कळते.